गावचा वारा, गावची वीज

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तर भागातील एक लहानसा देश आहे. जटलंडचे द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेस विखुरलेली चारशेहून अधिक बेटे मिळून तो बनला आहे. या देशात पर्वत नाहीत. तेथील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून अवघी १७१ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला तिला टेकडी म्हणतानाही संकोच वाटेल. पर्वत नाहीत, म्हणून उंचावरून कोसळणाऱ्या नद्या नाहीत. आणि तशा नद्या नाहीत, म्हणून धरणाच्या पाण्यावर वीज करण्याची सोय नाही. दगडी कोळशाच्या म्हणण्यासारख्या खाणीही तेथे नाहीत. निसर्गाने या देशाला सढळ हाताने दिली ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे वारा. उत्तर समुद्रावरून निघालेला वारा जटलंडच्या सपाट भूमीवर येतो, तेव्हा त्याला अडवणारे काहीच नसते. पश्चिम किनाऱ्याजवळची झाडे वर्षानुवर्षे हा वारा अंगावर घेऊन पूर्वेकडे वाकलेली दिसतात.

डेन्मार्कचे शेतकरी कित्येक शतके या वाऱ्याकडून धान्य दळून घेत असत. गावाबाहेरच्या उंचवट्यावर लाकडी पवनचक्की उभी असे आणि तिची चार मोठी पाती सावकाश फिरत राहत. पुढे वाफेचे यंत्र आले. त्याला कोळसा लागे; कोळसा परदेशातून बंदरात उतरे; म्हणून कारखाने निघाले ते बंदरांच्या मोठ्या शहरांत. त्यानंतर वीज आली, तीही शहरातच. इ. स. १८८२ मध्ये एडिसन यांनी न्यूयॉर्क शहरातील पर्ल स्ट्रीट येथे वीजगृह सुरू केले, आणि त्याच धर्तीवर युरोपातील शहरेही उजळू लागली. परंतु त्या काळची वीज फार दूर जाऊ शकत नसे. वीजगृहापासून मैल-दीड मैल अंतर गेले की तारेतच तिची शक्ती खर्ची पडे. त्यामुळे शहरातील रस्ते दिव्यांनी झळकत असताना खेड्यात रॉकेलची चिमणीच मिणमिणत राहिली. उत्तरेकडील हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मिणमिणत्या चिमणीचा अर्थ नीट कळतो. तरुण मुलेमुली खेडी सोडून शहरांकडे जाऊ लागली; पुष्कळ जण तर समुद्र ओलांडून अमेरिकेस गेले.

खेडे अंधारात राहणार आणि शहर उजेडात राहणार, हा काही निसर्गाचा नियम नव्हे, असे एका शिक्षकाला वाटले. त्यांचे नाव पॉल ला कूर.

ला कूर यांचा जन्म १८४६ चा. ते पदार्थविज्ञान आणि हवामानशास्त्र यांचे अभ्यासक होते. राजधानी कोपनहेगन येथील हवामानसंस्थेत त्यांना मोठ्या अधिकाराची जागा मिळाली होती आणि तारायंत्रातील त्यांच्या शोधांमुळे त्यांचे नाव परदेशांतही झाले होते. असे असता १८७८ मध्ये ते जटलंडमधील आस्कोव नावाच्या खेड्यातील शाळेत शिक्षक म्हणून आले. ही शाळा नेहमीच्या शाळांसारखी नव्हती. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि देशाचा दक्षिणेकडील मोठा मुलूख शत्रूच्या हाती गेला. त्या मुलखात रडिंग या गावी शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी एक विद्यालय चालत असे. पुढच्याच वर्षी ते नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोवला हलवण्यात आले. अशा विद्यालयांची कल्पना ग्रुंटविग या विचारवंताची. तेथे परीक्षा नसे, गुण नसत, पदवीही नसे. शेताची कामे संपली की तरुण शेतकरी काही महिने तेथे येऊन राहत आणि इतिहास, वाङ्मय, विज्ञान यांची व्याख्याने ऐकत. परीक्षेवाचून कोणी शिकेल काय, अशी शंका पुष्कळांना येते. आस्कोवने तिला काय उत्तर दिले, ते पुढे दिसेलच.

तांब्याच्या तारेचे वेटोळे चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवले की तारेतून वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. याच तत्त्वावर डायनामो चालतो. डायनामो वाफेच्या यंत्राने फिरो, पाण्याने फिरो की बैलाने फिरो, त्याला त्याचे सुखदुःख नसते. मग तो वाऱ्याने का फिरू नये? १८९१ मध्ये सरकारकडून काही अनुदान मिळवून ला कूर यांनी शाळेच्या आवारात एक पवनचक्की बांधली आणि तिला डायनामो जोडला.

लगेच दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची शक्ती दुप्पट होत नाही, ती आठपट होते. झुळूक आणि सोसाटा यांतील हे अंतर एवढे मोठे असल्यामुळे डायनामो कधी रेंगाळे, तर कधी बेफाम फिरे. दिवे कधी मंद होत, तर कधी जळून जाण्याच्या बेतात येत. ला कूर यांनी वजने, कप्प्या आणि पट्टा यांची एक साधी जुळणी तयार केली. वारा कितीही उसळला, तरी तिच्यामुळे डायनामोला बसणारी ओढ जवळजवळ सारखीच राही. गावच्या लोहाराला आणि सुताराला बनवता येईल असे हे यंत्र होते, आणि ते तसे असावे याची त्यांनी मुद्दाम काळजी घेतली होती.

दुसरी अडचण याहून बिकट होती. वारा पडला म्हणजे काय करावयाचे? वीज साठवून ठेवणाऱ्या बॅटऱ्या त्या वेळी फार महाग होत्या. ला कूर यांनी वेगळीच वाट धरली. पाण्यातून वीज सोडली असता पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू वेगळे होतात. वारा असेल तेव्हा चक्कीच्या विजेने हे वायू तयार करावयाचे, टाक्यांत भरून ठेवावयाचे आणि सायंकाळी नळ्यांनी दिव्यांपर्यंत नेऊन जाळावयाचे, अशी ती योजना होती. हायड्रोजनची टाकी १२ घनमीटरांची होती. १८९५ पासून सात वर्षे आस्कोवची शाळा या प्रकाशात चालली, आणि वारा नाही म्हणून एकही रात्र अंधारात काढावी लागली नाही. मात्र हा प्रयोग निर्धोक नव्हता. हायड्रोजनमध्ये थोडा जरी ऑक्सिजन मिसळला तरी ठिणगी पडताच त्याचा स्फोट होतो. असे स्फोट आस्कोवलाही झाले आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने अनेकदा नव्याने बसवावी लागली. तरीही शाळेने प्रयोग बंद करावयास लावला नाही, ही गोष्ट शाळेलाही भूषणावह आहे.

१८९७ मध्ये अधिक मोठी चक्की उभी राहिली. याच सुमारास ला कूर यांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. एका बोगद्यासारख्या नळीत पंख्याने वारा सोडून त्यांनी लहान लहान पात्यांची परीक्षा घेतली. पाती किती असावीत, त्यांचा कोन केवढा असावा, वेग कसा असावा, हे त्यांनी मोजून पाहिले. तोपर्यंत लोकांची समजूत अशी की, पाती जितकी अधिक तितका वारा अधिक पकडला जाईल. विहिरीचे पाणी उपसण्यास पुष्कळ पात्यांची, सावकाश फिरणारी चक्की ठीकच असते; कारण तेथे जोर हवा असतो. डायनामोला मात्र वेग हवा. त्यासाठी थोडी आणि जलद फिरणारी पातीच उत्तम, असे या प्रयोगांतून सिद्ध झाले. आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या उंच पवनचक्क्यांमागे हाच नियम आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा सांगली जिल्ह्यात ढालगावच्या बाजूस ज्यांनी त्या पाहिल्या असतील, त्यांना या चक्क्यांना इतकी कमी पाती का, असा प्रश्न पडला असेल. त्याचे उत्तर आस्कोवच्या त्या बोगद्यात मिळाले होते.

पुढे वायूचे दिवे जाऊन विजेचे दिवे आले. बॅटऱ्या स्वस्त झाल्या होत्या. त्या वारा असताना भरून ठेवीत आणि फारच दिवस वारा पडला तर एक लहानसे तेलावरचे इंजिन सुरू करीत. १९०२ पासून शाळेच्या चक्कीची वीज आस्कोव गावातील घरांनाही मिळू लागली. आता प्रश्न होता तो इतर गावांचा. एका गावात चक्की फिरते म्हणून शंभर गावांत फिरेल असे नाही. ती बसवणारे, तारा ओढणारे आणि बिघडल्यास दुरुस्त करणारे हात त्या त्या गावात असावे लागतात. हे ओळखून ला कूर यांनी १९०३ मध्ये वाऱ्यापासून वीज करण्याच्या कार्यासाठी एक संस्था स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी खेड्यांतील तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग सुरू केले. नांगर धरणारी मुले तेथे येत आणि डायनामो उघडून पुन्हा जोडण्यास शिकून परत जात.

या गावांना वीजगृहासाठी पैसा उभारण्याची रीतही ठाऊक होती. १८८२ मध्ये हेडिंग या गावी डेन्मार्कमधील पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली होती आणि तेव्हापासून गावोगावचे शेतकरी आपले दूध एकत्र आणून लोणी करीत व नफा वाटून घेत. महाराष्ट्रात साखर कारखाने जसे शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहिले, तशीच ही रीत. दुधाला लावलेला हा नियम त्यांनी विजेला लावला. ज्यांनी पैसे घातले तेच मालक आणि तेच गिऱ्हाईक. चक्की कोठे असावी, दर काय असावा, हे गावच्या सभेत ठरे. ला कूर १९०८ मध्ये निवर्तले. पण १९१८ पर्यंत डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजगृहांत पवनचक्क्या फिरत होत्या. एकेकीची शक्ती २० ते ३५ किलोवॉट असे. त्या सर्व मिळून देशाच्या गरजेच्या सुमारे तीन टक्के वीज देत. आकडा लहान आहे. परंतु ती वीज जेथे गेली, तेथे दुसरी वीज पोचलीच नसती.

यानंतर मात्र वारे फिरले. वीज उंच दाबाची करून दूर पाठवण्याची युक्ती आता सर्वत्र रूढ झाली. रोहित्र नावाच्या साधनाने विजेचा दाब वाढवला की ती शेकडो मैल तारेतून जाऊ शकते आणि वाटेत थोडीच वाया जाते. मग गावोगाव लहान वीजगृहे कशाला? बंदराजवळ एक प्रचंड वीजगृह बांधावे, जहाजाने कोळसा आणावा आणि तारांचे जाळे देशभर पसरावे, हे सोयीचे ठरले. यात खोटे काही नव्हते. मोठ्या यंत्रावर एक युनिट वीज लहान यंत्रापेक्षा स्वस्त पडे, आणि वारा असो वा नसो, ती अखंड मिळे. आजही मोठ्या शहरांचा आणि कारखान्यांचा भार अशा केंद्रांवर असतो. चंद्रपूरच्या एकट्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ती २,९०० मेगावॉटांच्या घरात आहे. १९१८ मधील डेन्मार्कच्या साऱ्या पवनचक्क्या एकत्र केल्या तरी तीन मेगावॉटच भरत.

तथापि मोठ्या वीजगृहाच्या हिशेबात दोन गोष्टी बहुधा मांडल्या जात नसत. कोळसा जाळून निघालेल्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. वीजगृह वस्तीपासून दूर असेल तर तिचा कोणालाच उपयोग होत नाही. दुसरी गोष्ट अशी की, कोळसा किंवा तेल पाठवणारा देश दूर असतो आणि त्याने हात आखडला, की शेवटच्या खेड्यातील दिवा विझतो. डेन्मार्कने हे दोनदा अनुभवले. १९४० मध्ये जर्मनीने देश व्यापला आणि इंधन मिळेनासे झाले, तेव्हा जुन्या चक्क्यांची पुन्हा आठवण झाली. युद्ध संपले, तेल स्वस्त झाले, आणि लोक पुन्हा विसरले.

एक मनुष्य मात्र विसरला नव्हता. १९०४ मध्ये आस्कोवच्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शिकण्यास आला होता. पुढे ते एका वीज कंपनीत अभियंता झाले आणि उतारवयात त्यांनी आपल्या गुरूचे काम पुन्हा हाती घेतले. १९५७ मध्ये देशाच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे त्यांची २०० किलोवॉटची चक्की फिरू लागली, तेव्हा यूल सत्तर वर्षांचे होते. तिला तीन पाती होती. ती थेट तारांच्या जाळ्याला जोडलेली होती, त्यामुळे जाळ्यातील विजेचीच तिला लय मिळे आणि बॅटऱ्यांची गरजच उरली नाही. तुफान आले आणि पाती बेफाम फिरू लागली, तर पात्यांची टोके आपोआप आडवी होऊन चक्कीला आवर घालीत. ही चक्की फारशी देखभाल न करता दहा-अकरा वर्षे चालली. १९६७ मध्ये ती थांबवण्यात आली. तिच्यात दोष नव्हता. तेलाची वीज तिच्यापेक्षा स्वस्त पडत होती, एवढेच.

सहा वर्षांनी, १९७३ मध्ये, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कमध्ये त्या वेळी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेरच्या तेलातून येत होती. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी चालवण्यास बंदी झाली. रिकाम्या रस्त्यांवरून लोक पायी आणि सायकलींवर फिरले. यावर उपाय म्हणून अणुशक्तीची मोठी वीजगृहे बांधावीत, असा विचार पुढे आला. त्यावर देशभर गावोगाव चर्चा झाली आणि अखेर १९८५ मध्ये संसदेने ती बांधावयाची नाहीत, असे ठरवले. हा वाद चालू असतानाच काही जणांनी कोणाची वाट न पाहता हात चालवले होते. रिसागर नावाच्या एका सुताराने गेडसरच्या चक्कीचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून लहानशी २२ किलोवॉटची चक्की बनवली आणि तिची वीज तारांच्या जाळ्यात सोडली. अमेरिकेच्या नासा संस्थेलाही गेडसरच्या चक्कीची माहिती हवी झाली, तेव्हा थांबलेली ती वृद्ध चक्की दुरुस्त करून काही काळ पुन्हा फिरवण्यात आली. आपल्या अंगणातील वस्तूची किंमत पाहुण्याने विचारल्यावरच कळावी, असा हा प्रकार झाला.

यानंतर दुग्धशाळांची जुनी रीत पुन्हा कामास आली. एका परिसरातील कुटुंबे भाग घेऊन चक्की विकत घेत. तिची वीज जाळ्यात जाई आणि उत्पन्न भागधारकांत वाटले जाई. काही वर्षांतच असे भाग घेणाऱ्या कुटुंबांची संख्या एक लाखावर गेली.

या साऱ्या प्रवासाचे फळ जेथे सर्वांत स्पष्ट दिसते, ते स्थळ म्हणजे सॅम्सो हे बेट. त्याचे क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या चार हजारांहून काहीशी कमी. बटाटे आणि स्ट्रॉबेरी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९९७ पर्यंत या बेटावरील घरे तेलावर गरम होत आणि ते तेल जहाजाने येई. वीज येई ती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून, आणि ती बहुतांशी कोळशाची असे. त्या वर्षी सरकारने बेटांसाठी एक स्पर्धा जाहीर केली: दहा वर्षांत आपल्याला लागणारी सर्व ऊर्जा आपल्याच वाऱ्यातून, उन्हातून आणि शेतातून कशी मिळवाल, ते सांगा. सॅम्सोची योजना पहिली आली.

कागदावरची योजना आणि गावकऱ्यांचे मन यांत पुष्कळ अंतर असते. बक्षीस मिळाले म्हणून बेटावर फारसा उत्साह पसरला नाही. शेतकऱ्यांचे प्रश्न रोखठोक होते. पैसा कोण घालणार? एवढी उंच चक्की माझ्या शेतात का? नफा बाहेरच्या कंपनीने न्यावा आणि घरघर आम्ही ऐकावी काय? या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम पुढे ज्यांच्याकडे आले, ते सोरेन हेर्मानसेनही शिक्षकच होते. बेटावरच्याच एका शेतकऱ्याचे ते पुत्र. भाजी कधी पेरावी हे त्यांना कळत होते आणि कोणत्या घरचा शब्द गावात वजनदार आहे, हेही कळत होते. त्यांनी सभा घेतल्या, कॉफी पाजली, हिशेब मांडले आणि पुष्कळ ऐकून घेतले. शेवटी तोडगा निघाला तो जुनाच होता: चक्क्या बेटाच्याच मालकीच्या असाव्यात.

२००० मध्ये जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॉटच्या अकरा चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांनी कर्ज काढून घेतल्या; उरलेल्यांचे लहान लहान भाग इतर रहिवाशांनी घेतले. सरकारने काही वर्षांपुरता विजेचा दर बांधून दिला होता, म्हणून बँकांनीही कर्जे दिली. या अकरा चक्क्यांची वर्षभराची वीज बेटाच्या वर्षभराच्या गरजेस पुरली. २००३ मध्ये बेटाच्या दक्षिणेस समुद्रात आणखी दहा मोठ्या चक्क्या सुरू झाल्या. त्यांतील पाच नगरपालिकेने घेतल्या. चक्कीत ज्याचा भाग आहे, त्याला तिचा आवाज फारसा खटकत नाही, असा तेथील अनुभव आहे. वारा सुटला म्हणजे त्याचे लक्ष आवाजाकडे नसते, पात्यांकडे असते.

परंतु थंड देशात दिव्यांपेक्षा ऊब महत्त्वाची. घरे गरम ठेवण्यासाठी सॅम्सोने जो मार्ग घेतला, तो चक्क्यांइतका दुरून दिसत नाही. म्हणून प्रवासी त्याकडे दुर्लक्ष करतात. गव्हाची कापणी झाली की शेतात काड उरते. हे काड बांधून गठ्ठे करतात आणि गावाजवळच्या बॉयलरमध्ये जाळतात. त्यावर तापलेले पाणी जमिनीत पुरलेल्या, वरून जाड आवरण घातलेल्या नळांतून घराघरांत जाते, भिंतीलगतच्या पत्र्यांतून खेळते आणि निवून परत बॉयलरकडे येते. एका गावच्या केंद्रात काडाऐवजी लाकडाच्या ढलप्या जाळतात आणि उन्हाळ्यात पाणी तापवण्यासाठी सूर्याच्या उष्णतेची मोठी पटले मांडली आहेत. पूर्वी तेलासाठी बेटाबाहेर जाणारा पैसा आता काड विकणाऱ्या शेतकऱ्याला, नळ जोडणाऱ्या कारागिराला आणि बॉयलर राखणाऱ्या कामगाराला मिळतो. अशी चार केंद्रे बेटावर आहेत. मोठ्या वीजगृहाची उष्णता ज्या कारणाने वाया जाते, नेमके तेच कारण येथे नाहीसे झाले आहे. बॉयलर गावाच्या वेशीवर आहे.

दहा वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच सॅम्सो वर्षाकाठी वापरते त्याहून अधिक ऊर्जा निर्माण करू लागले. या वाक्यातील ‘वर्षाकाठी’ हा शब्द मात्र वाचून सोडून देण्यासारखा नाही. बेटावरील पुष्कळशा मोटारी, ट्रॅक्टर आणि किनाऱ्यास ये-जा करणाऱ्या बोटी यांना या काळात तेलच लागत होते. समुद्रातील चक्क्यांची शिल्लक वीज बाहेर पाठवून त्या तेलाची भरपाई केली जाई. म्हणजे ती वजाबाकी वहीतली होती, टाकीतली नव्हती. शिवाय वारा आजही १८९१ इतकाच लहरी आहे. हिवाळ्यातील एखाद्या धुकटलेल्या आठवड्यात पाती निश्चल उभी राहतात, तेव्हा बेटाला वीज पुरवते ती तीच समुद्राखालची तार. सॅम्सोच्या लोकांनी ती तोडली नाही. तोडण्याचा विचारही कोणी केला नाही. ज्या गरजेसाठी ला कूर यांनी टाक्यांत वायू भरून ठेवला आणि खिडक्यांची तावदाने गमावली, ती गरज आता हे तारांचे जाळे भागवते. एका ठिकाणी वारा पडला तर दुसऱ्या ठिकाणचा वारा, आणि नॉर्वेमधील धरणांचे पाणीदेखील, त्या जाळ्यातून मदतीला येते.

फरक पडला तो तारेच्या कामात. १९९७ पूर्वी तिच्यातून वीज एकाच दिशेने, जटलंडकडून सॅम्सोकडे, वाहत असे. आता पश्चिमेचा वारा सुटला की बेटावरची आणि समुद्रातली पाती फिरू लागतात, घरोघरचे दिवे लागतात, आणि उरलेली वीज त्याच तारेतून उलट दिशेने जटलंडच्या किनाऱ्याकडे निघते.